२२ नंबरची बस, कालनिर्णय आणि सॅन होजेतलं जेवण

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत नव्याने आलेला मराठी माणूस पहिलं वर्ष साधारण तीन ठिकाणी जेवतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, शेजारच्या सनीव्हेलला एल कमिनो रियल या हमरस्त्यावर डोसा नाहीतर पावभाजी, आणि शनिवारी कुणाच्या तरी घरी पॉटलकला. मीही तेच केलं, आणि तीन वर्षं केलं. व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात नसतील एवढे व्हिएतनामी लोक या शहरात राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलावरची सहकारी रोज डब्यात काय आणते, हेही कधी विचारलं नव्हतं.

मग आई सहा महिन्यांसाठी आली. पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, संकष्टी-एकादशी सगळं चालू. दुसऱ्या महिन्यात तिलाच डोशाचा कंटाळा आला. तिला न्यायचं कुठे, या विवंचनेत एक युक्ती सापडली आणि पुढचं सगळं त्यातून सुटत गेलं. परक्या देशाच्या हॉटेलात बसलात की ‘तुम्ही उपासाला काय खाता?’ असं विचारायचं. उपास सगळीकडे आहे. एरवीच्या मेनूतला ‘व्हेजिटेरियन’ पदार्थ म्हणजे बऱ्याचदा मांस काढून घेतलेलं जेवण असतं, उरलेल्या जागेत दोन ब्रोकोलीचे तुरे. उपासाचं जेवण मात्र तिथल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःसाठी केलेलं असतं, त्यामुळे ते मुरलेलं असतं.

मांसाहारी वाचकांनी इथेच थांबू नये. मी सगळं खातो, आणि वाटेत तुमचीही सोय केली आहे.

निघण्याआधी

सगळ्यात आधी डोळ्यांची सवय मोडा. इथलं चांगलं जेवण देखण्या इमारतीत क्वचितच सापडतं. रस्त्याला लागून ऐसपैस पार्किंग, त्यामागे एकमजली दुकानांची रांग, एका अंगाला कपडे धुण्याच्या मशिनींचं दुकान, दुसऱ्या अंगाला दातांचा डॉक्टर, आणि मधे हॉटेल. याला इथे स्ट्रिप मॉल म्हणतात. बाहेरून ओकंबोकं दिसतं म्हणून परत फिरू नका. मी बघतो ते एवढंच: पाटीवर इंग्रजीपेक्षा त्यांच्या लिपीतली अक्षरं मोठी आहेत का, आणि आत एखाद्या टेबलावर आजी बसली आहे का. आजी असली की निर्धास्त आत जातो. दाराशी आरोग्य खात्याचा रंगीत कागदही लावलेला असतो. सॅन होजे ज्या सांता क्लारा काउंटीत येतं, तिथे हिरवा म्हणजे तपासणीत पास, पिवळा म्हणजे काही तरी आढळलंय, लाल म्हणजे बंद. अंगणापेक्षा हा कागद बघा.

चार जणांनी जा. दोघं कमी पडतात, सहा जणांना टेबल मिळत नाही. चौघांत पाच पदार्थ मागवले की प्रत्येकाला सगळं चाखता येतं, आणि एखादा फसला तरी कुणी उपाशी राहत नाही. बिलावर नऊ-दहा टक्के विक्रीकर चढतो. टेबलावर आणून वाढणाऱ्या ठिकाणी त्यावर पंधरा ते वीस टक्के टिप धरा, काउंटरवरून पुडकं घेऊन निघालात तर ऐच्छिक. टपऱ्या आणि लहान बेकऱ्यांसाठी खिशात रोख डॉलर ठेवा. घरगुती हॉटेलं बऱ्याचदा सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात, आणि काही जण दुपारी अडीच ते पाच शटर ओढतात. निघण्याआधी फोन करा. नकाशावरच्या वेळेवर भिस्त ठेवून मी दोनदा बंद दारासमोर उभा राहिलो आहे.

‘नो मीट’ म्हणू नका

हा धडा एका हॉटेलात सूपच्या वाटीतून मिळाला. मी ‘नो मीट’ सांगितलं होतं, वाढणाऱ्या मुलीने मान डोलावली होती, आणि सूपमध्ये कोंबडीचे तुकडे होते. तिचं काही चुकलं नव्हतं. जगातल्या पुष्कळ स्वयंपाकघरांत मीट म्हणजे गाय नाहीतर डुक्कर. कोंबडी ही कोंबडी असते, मासा हा मासा, आणि रस्सा कशात उकळलाय हा प्रश्न कुणाला पडतच नाही. आपल्याकडे जसं ‘थोडं तूप आहे फक्त’ म्हणतात, तसं तिथे ‘थोडा फिश सॉस आहे फक्त’.

म्हणून नेमकं विचारा. व्हिएतनामी आणि थाई ठिकाणी फिश सॉस आणि सूपचं पाणी. चिनी ठिकाणी ऑयस्टर सॉस, आणि फरसबीच्या परतलेल्या भाजीत लपलेला डुकराचा खिमा. मापो टोफूचंही तेच, नावात टोफू असला तरी खिमा असतोच. जपानी जेवणात बोनिटो नावाच्या सुक्या माशाचा अर्क मिसो सूपपासून सगळीकडे असतो. कोरियन किमचीत आपल्या जवळ्यासारखी बारीक खारवलेली कोळंबी. मेक्सिकन बीन्समध्ये डुकराची चरबी, तिला ‘मान्तेका’ म्हणतात, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. एवढी यादी फोनमध्ये लिहून ठेवली की निम्मी लढाई संपली.

पहिली पायरी: इथिओपिया, बुधवार किंवा शुक्रवार

नवख्याने सुरुवात इथूनच करावी, कारण इथे हरायला जागाच नाही. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, ईस्टरआधी तर अनेक आठवडे सलग. त्या दिवशी मांस, अंडं, दूध, तूप काहीच नाही. म्हणजे आपल्या उपासापेक्षा कडक, पण डाळी-भाज्यांना पूर्ण मोकळीक. सॅन होजेत इथिओपियन हॉटेलं बरीच आहेत आणि उपासाचं ताट रोज मिळतं. मागताना ‘ये-त्सोम बेयाइनेटु’ म्हणा. ये-त्सोम म्हणजे उपासाचं, बेयाइनेटु म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं.

मोठ्या परातीत इंजेरा पसरून येतो. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून केलेली जाळीदार, आंबूस, मऊ आंबोळी. अमेरिकेत टेफमध्ये बऱ्याचदा गहू किंवा दुसरं पीठ मिसळतात, तेव्हा गहू चालत नसेल तर निव्वळ टेफचा इंजेरा आधी सांगून ठेवा. त्यावर मसुराची तिखट लाल आमटी, हळदीची सौम्य वाटाण्याची डाळ, परतलेला पाला, कोबी-बटाटा, आणि शिरो. शिरोचा पहिला घास घेऊन आई म्हणाली, “अरे, हे तर पिठलं!” खरंच पिठलंच आहे: भाजलेल्या हरभऱ्याचं किंवा बाकल्याचं पीठ, लसूण, कांदा आणि बर्बेरे नावाचं तिखट.

उजव्या हातानेच खायचं, चमचा मागू नका. शेजारच्याला घास भरवायची तिथे रीत आहे, तिला गुर्शा म्हणतात. घास जितका मोठा तितकी माया जास्त. उखाणा घ्यावा लागत नाही एवढाच फरक. शेवटी कॉफीला थांबा. तासभर मोकळा ठेवूनच थांबा, कारण बिया तुमच्यासमोर भाजतात, वाफ नाकाशी आणून दाखवतात, आणि सोबत चक्क पॉपकॉर्न देतात. मांसाहारींनी डोरो वॉट हा कोंबडीचा रस्सा मागवावा. कांदा इतका वेळ परतलेला असतो की आपल्या कोल्हापुरी रश्श्याची आठवण येते, आणि त्यात एक अख्खं उकडलेलं अंडं असतं.

दुसरी पायरी: बसमध्ये बसा

आता शहर पूर्व-पश्चिम ओलांडायचं. व्हीटीए या इथल्या सरकारी बससेवेची २२ नंबरची बस पालो आल्टोहून निघते, एल कमिनो रियलने माउंटन व्ह्यू, सनीव्हेल, सांता क्लारा करत सॅन होजेच्या मध्यावर येते आणि पूर्वेला ईस्टरिजपर्यंत जाते. वाटेत काचेच्या कंपन्या संपून हळूहळू टायरची दुकानं, चर्च आणि बेकऱ्या सुरू होतात. रात्री ऊब मिळावी म्हणून बेघर माणसं हिच्यात झोपायची, त्यावरून हिचं नाव ‘हॉटेल २२’ पडलं होतं. ट्रिलियन डॉलरच्या कंपन्यांच्या गावांमधून जाणारी ही बस, त्यामुळे खिडकीबाहेर बघता बघता आतही बघा. क्लिपर हे बस-रेल्वेचं कार्ड घेतलंत तर दोन तासांत उतरून पुन्हा चढता येतं. एका दिवसात सगळे थांबे करायचा हट्ट धरू नका, दोन पुरे.

पहिला थांबा सांता क्लाराला, लॉरेन्स एक्स्प्रेसवेच्या आसपास. इथे कोरियन पाट्यांची रांग लागते. कोरियन जेवणाची गंमत आपल्या माणसाला लगेच कळते, कारण ते सगळं पानाची डावी बाजू आहे. मागवलेला पदार्थ यायच्या आधीच सहा-आठ लहान वाट्या येतात: मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, काकडी, पालक, बटाटा, किमची. यांना बांचान म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपल्या की पुन्हा मागता येतात. संकोच करू नका. शाकाहारींसाठी तापलेल्या दगडी भांड्यातला बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांस आणि अंडं काढून. ‘गोगी प्पेगो’ म्हणजे मांस वगळून. भात लगेच ढवळू नका, तळाशी खरपूस खरवड धरू द्या. सुंदुबु हा मऊ टोफूचा उकळता रस्सा फार लोभस असतो, पण त्याचं पाणी बहुधा माशाचं किंवा मांसाचं, म्हणून विचारल्याशिवाय नाही. मासे खाणाऱ्यांनी मात्र शिंपल्यांचा सुंदुबु सोडू नये.

मध्यावर उतरून लाइट रेलने जपानटाउनला जाता येतं, जपानटाउन-एअर नावाचं स्टेशन आहे. अमेरिकेत आता अशा तीनच जपानी वस्त्या उरल्यात. १९४२ साली इथल्या जपानी कुटुंबांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं होतं, कित्येकांना थेट वायोमिंगच्या हार्ट माउंटनला. परत आलेल्यांनी ही वस्ती पुन्हा उभी केली. जॅक्सन स्ट्रीटवर शुएइ-दो नावाचं मांजू या जपानी मिठाईचं चिमुकलं दुकान १९५३पासून आहे. चिकट तांदळाच्या पिठाची मऊ पारी आणि आत गोड वाटलेली लाल चवळीसारखी कडधान्यं. आईने एक तोडून आतलं सारण बघितलं आणि विचारलं, “कळ्या नाही पाडत?” जुलैत इथल्या बौद्ध मंदिराचा ओबोन असतो. पितरांच्या आठवणीचा सण, पण रस्त्यावर नाच होतो. आपल्या पितृपक्षापेक्षा प्रसन्न प्रकरण आहे.

पुन्हा बस, पूर्वेकडे

फाइव्ह वूंड्स चर्चचे मनोरे दिसले की लिटल पोर्तुगाल आलं. अॅलम रॉक अव्हेन्यूवरची ही छोटीशी वस्ती, मूळ लोक मुख्यतः अझोर्स बेटांवरचे. गोव्याच्या आणि वसईच्या वाचकांना इथे वेगळीच मजा येईल. बेकरीत उभं राहून ‘पांव’ ऐकलं की आपला पाव कुठून आला ते कळतं. बटाटा, चावी, पगार हे शब्दही त्याच जहाजातून उतरलेत. शोरिसु मागवलात तर गोव्याच्या चोरीसचा पूर्वज भेटेल, तिखट कमी आणि धुराचा वास जास्त. शाकाहारींनी पास्तेल द नाता हा कस्टर्ड भरलेला गोड पदार्थ घ्यावा, पण त्यात अंडं भरपूर असतं. आई तिथे फक्त कॉफी प्यायली. उपासाची युक्ती इथे फसते, कारण कॅथलिकांच्या उपासाला मासा चालतो, आणि पोर्तुगीज माणसाला मासा म्हटलं की खारवलेला बाकाल्याव आठवतो.

त्यापुढे किंग रोड. इथून मेक्सिको सुरू होतं, आणि त्यावर लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. थोडक्यात सांगतो. टॉर्टिया ही तिथली पोळी, ती मक्याचीच मागा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, सालं काढून, मग वाटतात. त्यामुळे पीठ मळता येतं, आणि तो विशिष्ट मातकट वास येतो. ‘फ्लोर दे कालाबासा’ म्हणजे भोपळ्याची फुलं, केसादिया या घडी घातलेल्या टॉर्टियात चीजबरोबर. भोपळ्याच्या फुलांची भजी खाल्लेल्यांनी जरूर घ्यावी. ‘नोपालेस’ म्हणजे काटे काढलेलं निवडुंग, भेंडीसारखं थोडं बुळबुळीत. एल साल्वादोर देशाच्या पुपुसा मिळाल्या तर चीज आणि लोरोको नावाच्या कळ्यांचं सारण मागा. भाकरीच्या पोटात सारण भरावं तसा प्रकार, बरोबर आंबवलेला कोबी. आणि फूटपाथवर फळांची गाडी दिसली तर थांबायचंच: आंबा, काकडी, कलिंगड, वर लिंबू, मीठ, लाल तिखट. शाळेबाहेरच्या कैरीवालीची ही लांबची बहीण.

मुख्य पायरी: स्टोरी रोड, आणि भिंतीवरचं कालनिर्णय

किंग रोडवरून स्टोरी रोडने पश्चिमेला आलात की ग्रँड सेंच्युरी मॉल आणि व्हिएतनाम टाउन. अंतर चालण्यासारखं नाही, इथे गाडी किंवा टॅक्सी करा. १९७५ साली व्हिएतनाम युद्धात सायगाव पडल्यावर आलेली कुटुंबं या सिलिकॉन व्हॅलीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जोडणीच्या कामावर लागली, आणि वस्ती वाढत गेली. संगणकाच्या चिप्स कोण बनवत होतं, असं कुणी विचारलं तर उत्तराचा एक मोठा भाग इथे सूप पीत बसलेला असतो. ‘लिटल सायगाव’ या नावासाठी हे लोक भांडलेही आहेत. नगरपालिकेने वेगळं नाव दिलं तेव्हा मोर्चे निघाले, आणि २००८ साली एका आंदोलकाने सिटी हॉलपुढे उपोषण केलं. पुढे ते वेगळं नाव मागे घेतलं गेलं.

आता युक्ती. व्हिएतनामी बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. पहिला दिवस अमावास्येचा आणि पंधरावा पौर्णिमेच्या आसपासचा. म्हणजे तारीख शोधायला वेगळं काही लागत नाही, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पुरतं. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तो चालवून घ्या. त्या दिवशी शाकाहारी व्हिएतनामी हॉटेलांत तोबा गर्दी असते, एरवी न होणारे पदार्थही होतात. शाकाहारी म्हणजे ‘चाय’, उच्चार थेट हिंदीतल्या चहासारखा. पाटीवर हा शब्द दिसला की दार उघडा. ‘फो चाय’ हे शेवयांचं सूप, ‘बान्ह मी चाय’ हा सारण भरलेला पाव, काहीही मागा. बहुतेक कडक बौद्ध ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय झाली.

मांसाहारींनी नेहमीच्या हॉटेलात सकाळीच फो घ्यावा. हाडांचं पाणी तासन्‌तास उकळतात, त्यात भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, चक्रीफूल, दालचिनी. पहिला चमचा सॉस न घालताच प्या. लिंबू, मिरची, तुळशीची पानं त्यानंतर. बरेच जण वाटी येताक्षणी लाल सॉस ओततात, आणि मग सगळीकडचा फो सारखाच लागतो अशी तक्रार करतात. बान्ह सेओ दिसायला हळदीचं मोठं घावन. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आत कोळंबी आणि मोड. पानात गुंडाळून खायचं.

इथून दोन गोष्टी घेतल्याशिवाय निघू नका. एक, टोफूच्या दुकानातला गरम टोफू आणि आल्याच्या पाकातला मऊ टोफू. पॅकबंद टोफू खाऊन ज्यांनी टोफूला कायमचा रामराम ठोकला आहे, त्यांच्यासाठी ही शेवटची संधी. दोन, उसाचा रस. मशीन तेच, खडखडाट तोच, फक्त लिंबाऐवजी कमक्वाट हे चिमुकलं संत्रं उसाबरोबर चरकात घालतात. घुंगरू नसतात. आईने दोन ग्लास प्यायले आणि तिसऱ्याच्या वेळी चरकावरच्या मावशींनी पैसे घेतले नाहीत. दोघींत एकही समान भाषा नव्हती.

बसच्या वाटेत नसलेले

चिनी जेवणासाठी मिलपिटास किंवा कुपर्टिनो. ९९ रँच हे चिनी किराण्याचं दुकान जिथे असेल, तिथे आजूबाजूला हॉटेलं असतातच. सिचुआन ठिकाणी गेलात की जिभेला मुंग्या आणणाऱ्या मिऱ्याकडे लक्ष द्या. आपल्या तिरफळाचा तो सख्खा चुलतभाऊ, वनस्पतिशास्त्रात एकाच कुळीतला. मालवणी माणसाला बांगड्याच्या तिखल्याची आठवण येईल. शाकाहारीसाठी शब्द ‘सू’. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची ‘दी सान श्येन’ ही भाजी आमच्या घरी आता महिन्यातून दोनदा होते. नंतर बोबा चहा. त्यातले काळे मोती कसाव्याच्या स्टार्चचे, म्हणजे मुळात साबुदाणाच. हे कळल्यावर आईने एकादशीला एक ग्लास मागवला. शास्त्राधार मला विचारू नका.

फ्रीमाँटमध्ये अफगाणांची वस्ती आहे, तिला लिटल काबूल म्हणतात. तिथे बोलानी खा, बटाट्याचं किंवा पातीचं सारण भरलेली पातळ पोळी. इराणी ठिकाणी आश रेश्ते हे शेवया, कडधान्यं आणि ढीगभर पालेभाजीचं दाट सूप मागवा, पण पाणी मांसाचं आहे का ते विचारून. फालुदा तिथे गोठवलेल्या शेवयांचा येतो, लिंबू पिळून. आपल्या इराण्याकडच्यासारखा बनमस्का शोधायला गेलात तर हात हलवत याल.

घरी आल्यावर

टोफू त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवशी तो साधा होतो. मांजू फ्रिजमध्ये ठेवू नका, पारी कडक होते. इंजेरा जास्तीचा बांधून घ्या. उरलेला दुसऱ्या दिवशी तुकडे करून तिखट रश्शात परततात, त्याला इथिओपियात फिरफिर म्हणतात आणि न्याहारीला खातात. मी तो रीतसर बर्बेरे घालून केला होता. आईने कढई माझ्या हातातून घेतली, मोहरी-हिंगाची फोडणी टाकली, कढीपत्ता घातला आणि वरून चिमूटभर साखर. फोडणीच्या पोळीपेक्षा जरा आंबूस झाला, पण संपला.